मराठवाड्यात नवी संस्था काढताय? नोंदणीपासून अनुदान खात्यात पडेपर्यंत

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मदतीला धावलेल्या गटांपैकी काहींच्या पुढे संस्था झाल्या. पुढेही तेच होत राहिलं. दुष्काळ पडला, गारपीट झाली, शेतकऱ्याच्या घरातला कर्ता गेला, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची लेकरं मागे राहिली की चार माणसं उठतात आणि काम सुरू करतात. कागद मागून येतो. संकटात हा क्रम बरोबरच आहे. दुसऱ्या वर्षापासून मात्र तीन कॅलेंडरं तुमच्या कामावर राज्य करू लागतात: धर्मादाय कार्यालयाचं, आयकर खात्याचं आणि सरकारी अर्थसंकल्पाचं. ती एकमेकांशी जुळत नाहीत. नव्या संस्थेची बहुतेक फरफट याच न जुळण्यातून होते, म्हणून खालच्या पायऱ्यांत कायद्याइतकाच तारखांवर भर आहे.

आधी ठरवा: नोंदणी लागते का?

एका गावापुरती, एका प्रसंगापुरती मदत करायची असेल तर संस्था काढू नका. आधीच नोंदलेल्या, हिशेब चोख असलेल्या एखाद्या संस्थेशी बोला आणि तिच्या पावतीवर, तिच्या खात्यातून काम करा. लोकांकडून तात्पुरती वर्गणी गोळा करायची असेल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क खालची परवानगी घ्या. संस्था काढणं सोपं आहे. ती दरवर्षी जिवंत ठेवणं खर्चाचं आहे: ऑडिट, विवरणपत्रं, सीएची फी, जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे. वर्षाला लाखभराचंही काम होणार नसेल तर हा बोजा कामालाच खातो.

कोणतं रूप घ्यायचं

तीन वाटा आहेत. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासदांची संस्था. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास. किंवा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी.

आपल्याकडे बहुतेक जण पहिली वाट घेतात. महाराष्ट्रात १८६० खाली नोंदलेल्या संस्थेला १९५० च्या कायद्याखालीही नोंद करावी लागते, म्हणून तुमच्या हातात दोन प्रमाणपत्रं येतात. दुसऱ्यावरचा नंबर ‘एफ’ने सुरू होतो आणि पुढे आयुष्यभर सगळे तोच विचारतात. पहिलं प्रमाणपत्र मिळालं की नोंदणी झाली असं समजून थांबू नका. दुसऱ्यासाठी तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. दोन्ही कामं जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातच होतात. मोठ्या उद्योगांबरोबर काम करायचं असेल आणि दरवर्षीचं कंपनी कायद्याचं ओझं पेलणारा माणूस हाताशी असेल, तरच कलम ८ कडे जा.

गावातच कार्यालय दाखवायचं असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि घरमालकाचं संमतीपत्र तयार ठेवा. उद्देशांची यादी दुसऱ्या संस्थेच्या घटनेतून उतरवून घेण्याची आपल्याकडे फार मोठी परंपरा आहे. गोशाळेपासून संगणक प्रशिक्षणापर्यंत चाळीस उद्देश लिहिले की कोणतंही अनुदान मिळेल, असा त्यामागचा समज. प्रत्यक्षात आयकर खातं पुढे विचारतं की यातलं तुम्ही काय केलं, आणि उत्तर देता देता घाम फुटतो. चार-पाच उद्देश लिहा, खरे लिहा. धार्मिक उद्देश मिसळू नका, नाहीतर ८०जी (देणगीदाराला करात वजावट देणारी मान्यता) मिळताना अडचण येते. संस्था विसर्जित झाल्यास मालमत्ता सारख्याच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही, हे कलम घटनेत हवंच.

कार्यकारी मंडळात नवरा-बायको, भाऊ, मेहुणा असा एकाच घरचा गोतावळा नको. पैसे देणारे आधी आडनावं वाचतात.

आणि ‘तयार संस्था’ विकत घेऊ नका. जुनी, पाच वर्षांचे ऑडिट असलेली संस्था ‘देतो’ म्हणणारे भेटतात. सार्वजनिक न्यास ही विकायची वस्तू नाही. आपण घेतो ते तिचे जुने विश्वस्त, थकलेले फेरफार अहवाल (विश्वस्त-मालमत्तेतले बदल कळवण्याचे कागद) आणि माहीत नसलेले वाद.

पॅन, बँक, ई-मेल, दर्पण

संस्थेच्या नावाचं पॅन, मग बँकेत खातं, दोन सह्यांचं. त्यानंतर नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवर नोंद. सरकारी अनुदान मागायचं तर तिथला क्रमांक लागतो.

यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ई-मेल. नोंदणी करताना नेट कॅफेवाल्याचा किंवा सल्लागाराचा ई-मेल आणि मोबाईल नंबर टाकला जातो. पुढे आयकराची नोटीस त्याच पत्त्यावर जाते, उत्तराची मुदत संपते आणि विश्वस्तांना अर्ज फेटाळल्याचं महिन्यांनी कळतं. संस्थेचा स्वतःचा ई-मेल काढा. पासवर्ड सचिव आणि कोषाध्यक्ष दोघांकडे ठेवा.

१२ए आणि ८०जी

धर्मादायकडे नोंद झाली म्हणजे कर माफ झाला, असं नाही. करसवलतीसाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. १२ए (नंतरचं १२एबी) म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरची सूट, आणि ८०जी म्हणजे तुम्हाला देणाऱ्याला मिळणारी वजावट. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला आहे. त्यात आपल्याला ‘नोंदणीकृत ना-नफा संस्था’ म्हटलं आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. बोलताना मात्र सगळे अजून १२ए, ८०जीच म्हणतात. कोणी अर्ज भरून देत असेल तर तो नव्या कायद्याच्या कलमाखाली भरतोय ना, एवढं विचारा.

नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा तात्पुरती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीचा अर्ज करायचा. खरी अडचण इथे होते, कारण तात्पुरतं प्रमाणपत्र मिळाल्यावर लोक निवांत होतात. मराठवाड्यातल्या संस्थांची ही फाईल पुण्याला आयकर आयुक्त (सूट) यांच्याकडे जाते आणि कामकाज ऑनलाइन चालतं. कामाचे फोटो, लाभार्थ्यांच्या याद्या, बिलं, बँकेचे उतारे तेव्हा मागितले जातात. पहिल्या कार्यक्रमापासून ते जपा. नियमित नोंदणी पाच वर्षांची असते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने लहान संस्थांना दिलासा दिला: आधीच्या दोन्ही वर्षांत सूट धरण्याआधीचं उत्पन्न ५ कोटींच्या आत असेल तर नोंदणी दहा वर्षांची. आपल्यातल्या बहुतेक संस्था याच गटातल्या.

देणगीदाराला खोटं सांगू नका

‘८०जी आहे, निम्मे पैसे परत मिळतात’ असं सांगून देणगी मागणारे कार्यकर्ते सर्रास भेटतात. ते चूक आहे. ५०,००० रुपये देणाऱ्याच्या उत्पन्नातून २५,००० वजा होतात. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याचा कर साधारण साडेसात हजारांनी कमी होतो. तेही एकूण देणगी त्याच्या उत्पन्नाच्या ठरावीक १० टक्के मर्यादेत असेल तर.

शिवाय २०२३ पासून नवी कररचना ही आपोआप लागू होणारी रचना आहे आणि तिच्यात ८०जीची वजावट नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर त्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. म्हणजे तुमच्या ओळखीच्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, बँकेतल्या माणसांना ८०जी पावतीचं काही अप्रूप उरलेलं नाही. शेतकऱ्याला ते कधीच नव्हतं, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त. दिल्लीतल्या एका निर्णयाने लोहाऱ्यातल्या किंवा गेवराईतल्या संस्थेची देणगी अशी हलते.

मग ८०जी कोणासाठी? भागीदारी फर्मसाठी. लातूरच्या आडत बाजारातली भागीदारीतली दुकानं, जालन्यातले भागीदारीतले व्यापारी, हे या नव्या रचनेत येत नाहीत. त्यांना वजावट मिळते. जुनी रचना निवडलेले डॉक्टर, वकील हेही. या लोकांकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाण्यापेक्षा फेब्रुवारीत जा, त्यांचा सीए तेव्हा हिशेब मांडत असतो. बाकीच्यांकडे कामाच्या जोरावर मागा. तसंही गावातला माणूस देतो तो करासाठी देत नाही.

पावतीचे नियम थोडक्यात. २,००० रुपयांवर रोख देणगीला ८०जी नाही. धान्य, कपडे, पत्रे अशा वस्तूंनाही नाही, तरी साठा नोंदवहीत त्यांची नोंद करा. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेणं बेकायदा आहे. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या, म्हणजे दानपेटी किंवा सप्ताहात फिरवलेली झोळी, एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के यांपैकी जी रक्कम मोठी तिच्यावर गेल्या तर वरच्या भागावर ३० टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक न्यासाला तो लागत नाही. देणगीदारांचं विवरण आजवर ३१ मेपर्यंत भरावं लागत आलंय, आणि त्यातूनच पोर्टलवर देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. तुमच्या पावतीपुस्तकातली पावती त्याला वजावटीसाठी पुरत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क.

८५ टक्क्यांचा नियम आणि मार्चचा घोळ

करमाफी हवी तर वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च व्हायला हवी. १० लाख आले तर साडेआठ लाख खर्च. दीड लाख विनाअट मागे ठेवता येतात. खर्च सहाच लाख झाला तर अडीच लाखांचं काय, हे तुम्हाला सांगावं लागतं. दोन मार्ग आहेत: विशिष्ट कामासाठी पाच वर्षांपर्यंत साठवतोय असं कळवणं (त्यासाठी ठराव हवा, नुसतं ‘पुढील कामासाठी’ चालत नाही), किंवा पैसे उशिरा मिळाले म्हणून पुढच्या वर्षी खर्च करू असा पर्याय देणं. दोन्हींचे फॉर्म मुदतीत भरावे लागतात. ३१ ऑक्टोबर ही विवरणपत्राची तारीख धरली तर हे काम ऑगस्ट संपण्याआधी उरका. मार्चच्या शेवटी अनुदान जमा होणाऱ्या संस्थेला हा दुसरा पर्याय माहीतच हवा. शासनाने पैसे २९ मार्चला टाकले म्हणून आयकराचं वर्ष थांबत नाही. अटीसह आलेलं अनुदान हिशेबात उत्पन्न दाखवायचं की देणं, हेही सीएला पैसे येण्याआधी विचारून ठेवा.

एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिलेला खर्च या ८५ टक्क्यांत धरला जात नाही. मंडपवाला, किराणावाला, टँकरवाला, सगळ्यांना खात्यावर द्या. विश्वस्ताच्याच घराला बाजारभावापेक्षा जास्त भाडं देणं, त्याच्याच दुकानातून चढ्या दराने माल घेणं, यावर आयकर खातं सूट काढून घेऊ शकतं.

बचत गटाचे पापड-मसाले विकून संस्था चालवायचा बेत असेल तर आधी विचारा. ‘सार्वजनिक उपयोगाचं इतर काम’ या गटातल्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची मिळकत एकूण मिळकतीच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षाची सूट धोक्यात येते. शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत या गटांना ही २० टक्क्यांची अट नाही.

सरकारी अनुदान: घोषणा ते खातं

नवख्यांचा सगळ्यात मोठा भ्रम इथे असतो. १६ सप्टेंबर २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. अशी बातमी वाचून लोक प्रस्ताव घेऊन जिल्हा परिषदेत पोचतात. बीडीएस, म्हणजे निधी खाली वितरित झाल्याचा संगणकावरचा कागद, निघेपर्यंत तरतूद म्हणजे आभाळात दिसलेला ढग, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

क्रम असा असतो. मार्चच्या सुमारास राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि त्यात एखाद्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या ठरावीक शीर्षकाखाली) तरतूद दिसते. मग विभाग शासन निर्णय काढतो. मग वित्त विभाग ठरवतो की तरतुदीपैकी किती टक्के निधी आत्ता वितरित करायचा. तिजोरी तंग असली की हे प्रमाण कमी ठेवल्याचं परिपत्रक निघतं. मग बीम्स या संगणक प्रणालीवर निधी खालच्या अधिकाऱ्याकडे येतो, बीडीएस निघते, देयक कोषागारात जातं आणि शेवटी तुमच्या खात्यात. या साखळीत कुठेही तुमच्या कामाची गुणवत्ता विचारली जात नाही, फक्त कागद पुढे सरकतो की नाही हे पाहिलं जातं. म्हणून साहेबांना ‘आमचं अनुदान कधी?’ असं विचारू नका. लेखाशीर्ष सांगा आणि विचारा: ‘या वर्षीची बीडीएस निघाली का, किती टक्क्यांची?’ उत्तर वेगळं येतं. लेखी हवं असेल तर माहिती अधिकारात तरतूद, वितरण आणि खर्च असे तीन आकडे वेगळे मागा.

पैसे कमी पडले तर विभाग पुरवणी मागण्या मांडतो, मुंबईच्या पावसाळी अधिवेशनात किंवा डिसेंबरच्या आसपास नागपूरला. अडकलेल्या अनुदानाबद्दल आमदारांना निवेदन द्यायचं तर ते अधिवेशनाच्या आधी द्या. अधिवेशन संपल्यावर दिलेलं निवेदन फोटोपुरतं. निवडणूक असेल तर आचारसंहितेत नव्या मंजुऱ्या थांबतात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता एकाच वर्षात आल्या.

जिल्ह्याची वेगळी तिजोरी म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, आणि योजनेत सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी असे भाग असतात. तुमचं काम यातल्या कोणत्या भागात बसतं ते जिल्हा नियोजन कार्यालयात विचारा. मराठवाड्याच्या अनुशेषावर बोलायला पूर्वी घटनेच्या कलम ३७१(२) खालचं वैधानिक विकास मंडळ होतं. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यामुळे प्रादेशिक वाट्याचा प्रश्न मांडायला आता आमदार आणि नियोजन समिती हीच ठिकाणं जास्त हाताशी आहेत.

आता हंगाम बघा. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बीड, धारूर, पाटोद्याकडच्या मुलांसाठी निवासी सोय लागते ती याच काळात. याच कामाचा निधी मार्चमध्ये पडला तर मुलं जेवून घरी गेलेली असतात आणि किराण्याची उधारी उरलेली असते. बालगृहाचंही तसंच. मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या योजनेत खर्चाचा वाटा केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा असतो. एकाचा हप्ता अडकला की दुसऱ्याचाही रेंगाळतो, आणि लेकरांचं दूध रोज लागतं. म्हणून सरकारी अनुदानावर चालणारं काम हाती घेण्याआधी किमान सहा महिन्यांचा खर्च स्वतःच्या बळावर निघेल का, हे कागदावर मांडा. निघत नसेल तर निवासी काम घेऊ नका. हे कठोर वाटेल, पण अर्ध्यात बंद पडलेल्या वसतिगृहापेक्षा न काढलेलं बरं.

अनुदान खर्च झालं की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, द्यायचं. ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. ‘मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याला टक्केवारी देऊ नका. ऑडिटमध्ये तो खर्च कुठल्याच शीर्षात बसत नाही.

कंपन्यांचा सीएसआर

निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ ही नोंद लागते. कंपन्या कारखान्याच्या आसपास खर्च करणं पसंत करतात, कायद्यातही स्थानिक भागाला प्राधान्य देण्याची भाषा आहे. त्यामुळे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा भागातल्या संस्थांना दार जवळ आहे, हिंगोलीतल्या संस्थेला लांब. धाराशिव (आधीचं उस्मानाबाद) हा केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांपैकी एक आहे, तिथल्या संस्थांनी हे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहावं. कंपन्या बहुधा तीन वर्षांचा पूर्वानुभव पाहतात. पहिल्या वर्षी मुंबई-पुण्याच्या फेऱ्या मारू नका.

दरवर्षी धर्मादायकडे

वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यानंतर लेखापरीक्षण, ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक सादर करायचं. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला किंवा मालमत्ता वाढली तर ९० दिवसांत फेरफार अहवाल दाखल करायचा. याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात आणि सगळेच टाळतात. दहा वर्षांनी परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादायकडच्या संस्थेच्या नोंदीवर, वारलेल्या माणसांची नावं आणि बँक नव्यांच्या सह्या स्वीकारत नाही, अशा संस्था प्रत्येक तालुक्यात आहेत. जमीन विकणं, शेतजमीन दहा वर्षांवर किंवा इमारत तीन वर्षांवर भाडेपट्ट्याने देणं, यासाठी धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. नंतर घेऊ म्हणून चालत नाही. कर्मचारी वीस झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, आणि ‘मानधन’ असं नाव दिल्याने तो टळत नाही.

परदेशी पैसा

विदेशी अंशदान (विनियमन) कायदा, २०१० खाली नोंद किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशातून एक रुपयाही घेऊ नका, मग तो अमेरिकेत स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेल्या गाववाल्याचा असला तरी. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून, बँकेमार्गे दिलेली देणगी यात येत नाही. म्हणून देणाऱ्याच्या पासपोर्टची प्रत फाईलला लावा. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षांची आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च केलेली हवी. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. कोणी मोठी संस्था ‘आमच्या परदेशी निधीतून तुम्हाला वाटा देतो’ म्हणाली तर नम्रपणे नको म्हणा, आणि त्याऐवजी देशातल्या देणग्यांतून काही जमेल का ते विचारा.